अवधान आणि आलंबन : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील नित्याचे ईश्वरस्मरण

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाविषयी आपल्याकडे जे समीक्षालेखन झाले, त्याचा भर बहुधा दोन प्रश्नांवर राहिला आहे : अमुक लेखकाने धर्म का बदलला, आणि धर्म बदलल्यानंतरही त्याची मराठी कितपत अस्सल राहिली. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. परंतु त्यांच्या आड एक तिसरा, वरवर पाहता साधा असा प्रश्न झाकला गेला आहे. बाप्तिस्मा एका दिवशी होतो. त्यानंतरचे हजारो दिवस दळणाकांडणाचे, मास्तरकीचे, आजारपणाचे, उसनवारीचे असतात. त्या दिवसांत या माणसांचे देवाकडे लक्ष कसे राहत होते, कशाच्या आधाराने राहत होते आणि त्या लक्षाला त्यांनी मराठीत कोणती रूपे दिली, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या विचारासाठी उभे राहण्याची जागा म्हणून बीड जिल्ह्यातील मांजरसुंबा निवडले आहे. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या इतिहासात या गावाचे नाव येत नाही, हे प्रथमच सांगून टाकलेले बरे. बीडच्या दक्षिणेस बालाघाटाच्या माथ्यावर, सोलापूर–धुळे मार्गावर हे नाक्याचे गाव आहे. पश्चिमेकडून जामखेड–पाटोद्याचा आणि पूर्वेकडून अंबाजोगाई–केजचा रस्ता येथे येऊन मिळतो. गावाजवळच कपिलधार आहे. तेथे वीरशैव संतकवी मन्मथस्वामी यांची समाधी आहे. पूर्वेची वाट मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या अंबाजोगाईला जाते. पश्चिमेची वाट जामखेडवरून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला जाते. तेथे नारायण वामन टिळकांच्या आयुष्याचा कर्ता काळ गेला. दक्षिणेच्या मार्गावर धाराशिव लागते, जेथे जानेवारी २०२० मध्ये ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या अध्यक्षतेखाली भरले. भूगोल हा वाङ्मयीन प्रभावाचा पुरावा नव्हे, आणि टिळकांवर मन्मथस्वामींचा प्रभाव होता असे काही येथे सुचवावयाचे नाही. एवढेच म्हणावयाचे आहे की, प्रपंचात राहून देवाकडे लक्ष ठेवण्याचा प्रश्न या मुलखात ख्रिस्ती माणसाच्या आधी कितीतरी शतके विचारला गेला होता आणि त्याची उत्तरे हाताच्या अंतरावर होती. मराठी ख्रिस्ती लेखकाने त्यांतील काय घेतले आणि काय सोडले, हे या नाक्यावरून नीट दिसते.

प्रथम शब्दांविषयी. देवाकडे लक्ष देणे या क्रियेसाठी मराठीत अनेक शब्द आहेत, आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ‘ध्यान’ म्हटले की आसन आणि एकांत गृहीत धरला जातो. ‘स्मरण’ ही नवविधा भक्तीतील तिसरी भक्ती. तिच्यात विसर पडण्याची शक्यता मान्य केलेली आहे, कारण जे विसरता येते तेच आठवावे लागते. ‘अनुसंधान’ म्हणजे सुटू पाहणारा धागा पुनःपुन्हा जोडून घेणे. गोंदवलेकर महाराजांच्या (१८४५–१९१३) शिकवणीमुळे हा शब्द प्रापंचिकांच्या घरात रुळला. ‘अवधान’ हा मात्र श्रोत्याचा शब्द आहे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे मागतात ते अवधानच. हा शब्द देवाच्या संदर्भात योजला की, देव बोलतो आहे आणि माणूस ऐकतो आहे, असे नाते मान्य करावे लागते. ख्रिस्ती मराठीत ‘प्रार्थना’, ‘मनन’, ‘उपासना’ हे शब्द अधिक रूढ आहेत हे खरे; परंतु ज्या धर्मात ‘वचन’ ही मध्यवर्ती कल्पना आहे, त्याच्या नित्यजीवनाचे वर्णन करण्यास ‘अवधान’ हा शब्द मला अधिक नेमका वाटतो.

अवधान अधांतरी टिकत नाही. त्याला आलंबन लागते. हात कामात असताना मन कोठे टेकावे, हा सर्व साधनापरंपरांचा व्यावहारिक प्रश्न आहे आणि त्याची उत्तरे फार भिन्न आहेत. कपिलधारच्या परंपरेत ते उत्तर शरीरावरच धारण केलेले आहे : वीरशैव साधक इष्टलिंग अंगावर बाळगतो आणि पूजेच्या वेळी ते डाव्या तळहातावर घेऊन त्यावर दृष्टी स्थिर करतो. देवघर मागे राहिले तरी देव बरोबर असतो. मन्मथस्वामींनी ‘परमरहस्य’ मराठी ओवीत आणले, ही हे आलंबन सामान्य मराठी साधकाला समजावून देण्याचीच खटपट होती. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी पांघरण्याच्या पासोडीवर ‘पंचीकरण’ लिहून काढले. कापडाचा एवढा लांब पट्टा तत्त्वविचाराला अंथरून देण्यामागचा त्यांचा हेतू काहीही असो, डोळ्यांसमोर काहीतरी असावे ही गरज त्यातून दिसतेच. वारकरी परंपरेत आलंबन आहे नाम. जनाबाईच्या अभंगांत जाते, उखळ, शेणी यांच्याशी नाम अशा रीतीने गुंतते की काम थांबवून देव आठवावा लागत नाही. उलट देवच कामाला येऊन बसतो.

या पार्श्वभूमीवर ख्रिस्ती माणसाची अडचण ध्यानात येते. पौलाने थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रार्थनेत खंड पडू देऊ नये असा उपदेश आहे. हा उपदेश अक्षरशः पाळावयाचा तर कसा, हा प्रश्न ख्रिस्ती इतिहासात वारंवार आला आहे. सतराव्या शतकात पॅरिसमधील एका कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा एक साधा बंधू होता. तो पूर्वी सैनिक होता आणि मठात त्याच्याकडे वर्षानुवर्षे स्वयंपाकघराचे काम होते. भांड्यांच्या गोंगाटातही देवाचे सान्निध्य तितकेच असते जितके वेदीसमोर, हे त्याचे म्हणणे. १६९१ मध्ये तो वारल्यानंतर त्याची पत्रे व संभाषणे प्रसिद्ध झाली आणि प्रॉटेस्टंट घरांतही ती आवडीने वाचली गेली. मराठी वाचकाला जनाबाईची आठवण होईल. पण फरकही दिसेल. लॉरेन्सपाशी नामाची आवृत्ती नाही. त्याच्यापाशी आहे ते एक अखंड, जवळजवळ अनौपचारिक संभाषण.

कॅथलिक परंपरेने सामान्य माणसाला दृश्य आणि श्राव्य आलंबने मुबलक दिली : मूर्ती, जपमाळ, सणांचे चक्र, दिवसातून तीनदा वाजणारी घंटा. वसईच्या ख्रिस्ती गावांत शेतात वाकलेला माणूस दुपारच्या घंटेला क्षणभर थांबे, यात काही गूढ नाही. ती घंटा हेच अवधानाचे यंत्र होते. फादर टॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ (रायतूर, १६१६) याच संदर्भात पाहावे लागते. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाची थोरवी भाषेच्या अंगाने पुष्कळ गायिली गेली आहे, आणि शांताराम बंडेलू यांच्या १९५६ च्या देवनागरी आवृत्तीने तो आपल्या अभ्यासकक्षेत आणला. परंतु स्टीफन्स यांनी काय ओळखले, तर जुनी पुराणे हातातून गेलेल्या नवख्रिस्ती श्रोत्याजवळ ऐकण्याची सवय उरली होती आणि ऐकण्याची वस्तू उरली नव्हती. ग्रंथारंभी हीच गरज मांडलेली आहे. ओवीचा स्वीकार हा म्हणून केवळ भाषिक प्रेमाचा विषय नव्हे. श्रोत्याचे तयार अवधान वाया जाऊ नये, याची ती काळजी होती.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगर परिसरात ज्या ख्रिस्ती मंडळ्या स्थापन केल्या, त्यांच्यापाशी यांतील जवळजवळ काहीच नव्हते. मूर्ती नाही, माळ नाही, व्रतवैकल्ये नाहीत, यात्रा नाही. हातात छापील पुस्तक होते. पण मंडळीतील बहुसंख्य माणसे महार व मांग समाजांतून आलेली, आणि पहिल्या पिढीत ज्यांना ते पुस्तक वाचता येईल अशी थोडी. शिवाय गायनाची पुस्तके बरीचशी पाश्चात्त्य चालींवर बेतलेली असत. मराठी शब्द त्या चालींत बसवताना शब्दांचे हाल होत आणि तोंडी राहणे कठीण होई. जुनी आलंबने काढून घेतली आणि नवी पुरेशी दिली नाहीत, असे या टप्प्याचे वर्णन करता येईल. मिशनच्या कार्यकर्त्यांना याची जाणीव नव्हती असे नाही. १८६० च्या दशकात नगरला ख्रिस्ती कीर्तनाचा प्रयोग सुरू झाला आणि कृष्णराव सांगळे यांनी तो नावारूपाला आणला. कीर्तनाने मंडळीचे कान परत मिळवले. पण कीर्तन प्रसंगाने होते. रोजच्या पहाटेचे काय, हा प्रश्न शिल्लकच होता.

टिळकांचे अभंग या शिल्लक प्रश्नाचे उत्तर आहे, असे माझे प्रतिपादन आहे. टिळक १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती झाले आणि नंतर नगरला येऊन अध्यापन, उपदेश, आणि १९१२ पासून अखेरपर्यंत ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन करीत राहिले. आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकारामाच्या पुलावरून, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार सर्वपरिचित आहेत. बहुतेक समीक्षकांनी त्याचा अर्थ ‘समन्वय’ असा घेतला. मला तो अधिक व्यावहारिक वाटतो. पुलावरून माणूस एकटा येत नाही, ओझ्यासह येतो. आणि टिळकांनी आणलेल्या ओझ्यात सर्वांत उपयोगी वस्तू होती ती पाठ होणारा, चालता-चालता म्हणता येणारा, दोन-चार चरणांत पुरा होणारा छंद. निरक्षर मंडळीला पुस्तकाची गरज न ठेवता देवाचे अवधान देणारे आलंबन म्हणून अभंगाइतके हलके साधन दुसरे नव्हते. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीता’त टिळकांच्या रचनांना जे स्थान मिळाले, त्याचे कारण काव्यगुणाइतकेच या हलकेपणात शोधले पाहिजे.

‘अभंगांजली’तील रचना वाचताना जाणवते ते हे की, त्यांतील फार मोठा भाग ख्रिस्ताला उद्देशून बोललेला आहे. गुरू, माउली, सखा ही संबोधने वारकरी परंपरेतूनच आली आहेत. मात्र नामाच्या आवृत्तीवर येथे भर नाही. जो भर आहे तो संबंधावर : रुसणे, मागणे, कबूल करणे, पुन्हा जवळ येणे, जितके मिळावे तितकी तहान वाढावी, हा भाव पुनःपुन्हा येतो. तुकारामाच्या विरहाच्या अभंगांशी त्याचे नाते उघड आहे, तरी एक भेद नोंदवण्याजोगा आहे. तुकारामाचा देव भेटावयाचा आहे. टिळकांचा ख्रिस्त भेटलेला आहे आणि तरीही लक्ष सुटते. येथे दुःख अनुपस्थितीचे कमी, अनवधानाचे अधिक आहे. हा स्वर आधीच्या मराठी भक्तिकाव्यात नव्हता असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही, पण इतक्या सातत्याने तो फारसा आढळत नाही.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनच्या पगाराचा संबंध सोडला आणि ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. पुढची दोन वर्षे साताऱ्याला राहून ते याच खटाटोपात होते. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. संस्था म्हणून दरबार टिकला नाही. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यामागील विचार लक्षणीय आहे : ख्रिस्ती असण्याची खूण नोंदवहीतील नाव ही नसून अवधानाची दिशा ही आहे, असे टिळक सुचवीत होते. मंडळीच्या व्यवस्थेला हे परवडणारे नव्हते, हेही खरे.

येथवर टिळकांच्या बाजूने. आता एक अडचण मांडली पाहिजे, आणि ती मांडण्यासाठी टिळकांच्या घरातच जावे लागते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. शेवटचा भाग लेखिकेच्या मृत्यूनंतर, १९३६ मध्ये आला. मराठीतील एक श्रेष्ठ आत्मचरित्र म्हणून त्याचे स्थान निर्विवाद आहे. विनोद, निर्भीडपणा, बोलीचा ठसका या गुणांची चर्चाही भरपूर झाली. भक्तिवाङ्मय म्हणून मात्र ते कोणी वाचत नाही. ‘अभंगांजली’ भक्तीच्या कप्प्यात आणि ‘स्मृतिचित्रे’ आत्मचरित्राच्या, अशी वाटणी आपण करून ठेवली आहे. ही वाटणी मला मान्य नाही. नित्यजीवनातील अवधानाचा दस्तऐवज म्हणून दोहोंत ‘स्मृतिचित्रे’च अधिक खोल आहे.

कारण असे. या पुस्तकातील टिळक देवाच्या विचारात आणि माणसांच्या दयेत इतके बुडालेले असतात की, खिशातला पैसा दुसऱ्याची गरज दिसताच निघून जातो, आणि घरात काय आहे-नाही याची शुद्ध त्यांना नसते. न सांगता निघून जाणे हा तर त्यांचा स्वभावच. लक्ष्मीबाई हे हसत-हसत सांगतात, आणि वाचकही हसतो. पण थोडे थांबून पाहिले तर एक कठोर हिशेब हाती लागतो : एकाचे ईश्वरावधान दुसऱ्याच्या गृहावधानावर उभे असते. कवीने आकाशाकडे पाहावे यासाठी कोणीतरी पिठाच्या डब्याकडे पाहत असते. लूककृत शुभवर्तमानातील मार्था आणि मरिया या बहिणींची कथा ख्रिस्ती उपदेशात नेहमी मरियेच्या बाजूने सांगितली जाते; येशूच्या पायांशी बसून ऐकणारी ती श्रेष्ठ, स्वयंपाकाने व्यग्र झालेली मार्था कनिष्ठ. ‘स्मृतिचित्रे’ हे मार्थेने लिहिलेले पुस्तक आहे. आणि या मार्थेचे लक्ष कोठे कमी पडले आहे असे दिसत नाही.

तिचे लक्ष कोठून कोठे गेले, हे पाहण्यासारखे आहे. पुस्तकाच्या आरंभी वडिलांचे सोवळे येते. १८५७ च्या धामधुमीत घरातील एका आप्ताला फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर वडिलांच्या मनाने स्पर्शाची धास्ती घेतली. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यावयाची नाही, मग ती धुण्याजोगी असो वा नसो. हे प्रसंग विनोदी म्हणून वेच्यांत निवडले जातात. वस्तुतः ते अवधानाचे शोकात्म चित्र आहे. सोवळे हे अवधानाचेच एक रूप होय : त्यात सतत जागृती आहे, क्षणभरही गाफीलपणा चालत नाही, दिवसाचा प्रत्येक व्यवहार त्याच्या नजरेखाली येतो. ब्रदर लॉरेन्सला हेवा वाटावा इतकी ही एकाग्रता आहे. फक्त तिचा विषय देव राहिलेला नाही, विटाळ झालेला आहे; आणि तिची किंमत घरातल्या बायकामुलांनी मोजली आहे.

पतीच्या धर्मांतरानंतर लक्ष्मीबाई काही वर्षे नातलगांत राहिल्या, पुढे नगरला आल्या. तरी त्यांनी आपले सोवळे, आपला स्वयंपाक वेगळा ठेवला होता. हे वेगळेपण सुटले ते कोणाच्या उपदेशाने नव्हे. जाती कोणी केल्या, देवाने की माणसांनी, हा प्रश्न त्यांनी स्वतःशी विचारला आणि विचार करता-करता त्या माणसांनीच केल्या या उत्तरावर त्या आल्या. उत्तर मिळाल्यावर त्यांनी ते अमलात आणले, म्हणजे कोणाच्याही हातचे खाण्या-पिण्यास त्या सिद्ध झाल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. टिळकांच्या बाबतीत प्रथम ख्रिस्ताविषयीची ओढ आणि मग समाज बदलतो. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत प्रथम समोरच्या माणसाच्या हातातला पाण्याचा पेला बदलतो. बालपणापासून स्पर्शावर खिळवलेले अवधान तेथे सुटते आणि स्पर्श करणाऱ्या माणसाकडे वळते. पूर्वीची एकाग्रता वाया जात नाही. तीच आता दुष्काळात पोरक्या झालेल्या आणि घरात घेतलेल्या मुलांकडे, प्लेगच्या दिवसांतील रोग्यांकडे जाते. या भागांत लक्ष्मीबाई प्रार्थनेविषयी फार बोलत नाहीत. मुलाने काय खाल्ले, कोण कोणत्या खोड्या करतो, कोणाच्या मनाला काय लागले, हे मात्र तीस-पस्तीस वर्षांनंतरही त्यांना तपशिलाने आठवते. इतका तपशील आठवतो याचा अर्थ तेव्हा तितके पाहिले गेले होते. ‘स्मृतिचित्रे’ या नावातील स्मृती ही त्या अर्थाने स्मरणभक्तीच्या जवळ जाते.

आक्षेप असा घेता येईल की, ही माणुसकी झाली, देवाचे अवधान नव्हे. आणि असे असेल तर ख्रिस्ती असण्याचे त्यात काय आहे? या आक्षेपाला उत्तर देताना सिमोन वेल (१९०९–१९४३) या फ्रेंच विचारवंत स्त्रीचा आधार घेता येतो. १९४२ मध्ये शालेय अभ्यास आणि ईश्वरप्रेम यांच्या संबंधावर लिहिताना तिने असे मांडले की, प्रार्थना म्हणजे अवधानच, आणि पीडित माणसाकडे स्वतःला बाजूला सारून पाहता येणे ही त्याच अवधानाची दुर्मिळ शाखा आहे. तिच्या दृष्टीने भूमितीचे उदाहरण सोडवणारे मूल आणि जखमी माणसाला ‘तुला काय होते आहे’ असे विचारणारा शेजारी एकाच शक्तीचा अभ्यास करीत असतात. हे लिहिण्याच्या आदल्या वर्षी द्राक्षांच्या काढणीचे काम करताना ती ग्रीक भाषेतील प्रभूची प्रार्थना रोज म्हणत असे. म्हणजे पाठ केलेल्या शब्दाचे आलंबन तिलाही लागत होते. ती ख्रिस्ताकडे ओढली गेली, गीता संस्कृतातून वाचू लागली, आणि चर्चच्या उंबरठ्यावरच राहिली. टिळकांच्या दरबारात तिला जागा मिळाली असती.

वेलची मांडणी स्वीकारली, तर टिळकांचे अभंग आणि लक्ष्मीबाईंचे गद्य या एकाच साधनेच्या दोन बाजू ठरतात : पहिल्यात आलंबन आहे पाठ झालेला शब्द, दुसऱ्यात समोरचा माणूस. पहिले आलंबन हातात काम असताना चालते. दुसरे, माणूस हेच काम असताना. ज्या मंडळीला मूर्ती नव्हती तिला ही दोनच उपलब्ध होती. दुसऱ्याला छंद नसल्यामुळे आपण ते भक्ती म्हणून ओळखले नाही, हा दोष आपल्या वाङ्मयप्रकारांच्या कल्पनेचा.

मांजरसुंब्याहून पश्चिमेला जामखेड लागते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० मध्ये तेथे ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. दुष्काळात हातपंपांसाठी दलित वस्तीतील जागा निवडण्याचा त्यांचा आग्रह, आणि खेड्यातील अल्पशिक्षित वा निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवण्याची त्यांची पद्धत पुढे जगभर अभ्यासली गेली. १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला. हा विषय वाङ्मयाच्या कक्षेत येत नाही, आणि त्याला लक्ष्मीबाईंचा वारसा म्हणणे हा अतिरेक होईल. तथापि पाणी कोणाच्या दारात काढावयाचे या निर्णयामागे जे पाहणे आहे, ते कोणाच्या हातचे पाणी प्यावयाचे या निर्णयामागील पाहण्याहून निराळे नाही. आणि दोन्ही पाहणी एकाच मुलखातील ख्रिस्ती घरांतून आली आहेत.

फादर दिब्रिटो (१९४२–२०२४) यांच्या ‘सुबोध बायबल’कडे (२०१०) या दृष्टीने स्वतंत्रपणे पाहिले पाहिजे. वसईच्या कॅथलिक परंपरेत वाढलेल्या, घंटा आणि माळ यांची सोय असलेल्या लेखकाने आयुष्याची वर्षे शब्दाच्या आलंबनासाठी खर्च करावी, यात परंपरांची अदलाबदल दिसते. त्याच्या आधी पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले भाषांतर केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छापून १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, पूर्ण झाले. सामान्य स्त्रीला वाचून कळेल अशी मराठी हा त्यांचा आग्रह होता. वाचता येणाऱ्या स्त्रीसाठी रमाबाई, न वाचणाऱ्या मंडळीसाठी टिळक, अशी कामाची वाटणी त्या पिढीत नकळत झालेली होती.

लक्ष्मीबाईंविषयी एक गोष्ट उरते. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य सुरू करून अपुरे ठेवले. त्यांचे सुरुवातीचे काही अध्याय होते. उरलेले, म्हणजे ग्रंथाचा बहुतांश, लक्ष्मीबाईंनी लिहिला आणि तो १९३८ मध्ये त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला. म्हणजे ‘स्मृतिचित्रे’चे मोकळे गद्य आणि ‘ख्रिस्तायना’ची बांधीव रचना एकाच हातची, आणि काळाच्या दृष्टीनेही जवळची. पहिल्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या, दुसऱ्याकडे पदव्युत्तर वर्गातही फारसे कोणी वळत नाही. दोन्ही शेजारी ठेवून वाचली तर पद्यात लक्ष्मीबाई पतीच्या आलंबनाला जपतात की तेथेही त्यांची नजर शिष्यांच्या भाकरीकडे, विहिरीवरच्या शोमरोनी बाईच्या घागरीकडे जाते, हे तपासता येईल. त्यासाठी नुसती कथानकांची तुलना पुरणार नाही. प्रत्येक प्रसंगात लेखिका कोणापाशी किती ओव्या थांबते, ते मोजत जावे लागेल.